बाजाराच्या दिवशीची बैठक

सावळदरी, ता. रिसोड
१७ जुलै २०२५

लतीफाभाभी,

वर सलाम लिहू की नमस्कार, यातच दोन कागद खराब झाले, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तुम्ही उचलत नाही. चौथ्या वेळी अर्शियाने उचलला आणि म्हणाली, "अम्मी कामात हाये." तुम्ही तिच्या मागेच बोलत होतात, मला ऐकू आलं. कामरगावचा पत्ता तिच्याकडूनच घेतला, एवढा तिने दिला.

कामाचं लिहिते. मला तुमच्याकडून एक कागद हवा आहे. तुम्ही ग्रामपंचायतीत मेंबर होतात तेव्हा सदस्यांच्या बैठक भत्त्याबद्दल एक अर्ज दिला होता. पंचायतीच्या फाईलमध्ये तो सापडत नाही. तुमच्याजवळ नक्कल असेलच, तुम्ही कागद टाकून देणाऱ्या नाही.

कशाला पाहिजे ते सांगते. तुमचं मेंबरपद गेल्यावर त्या जागेवर मी बिनविरोध आले, त्याला आता आठ महिने झाले. परवा बैठक होती. नेहमीसारखी केनवडच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराला. त्या दिवशी आमची बायांची टोळी सरपंचांच्याच, म्हणजे दौलतरावांच्याच वावरात निंदायला होती. दौलतराव धुऱ्यावरून मोटारसायकल काढून बैठकीला गेले. मला त्याच वावरातून त्याच बैठकीला जायचं, तर माझा रोज कापला जाणार. तुळसाबाईला म्हटलं, जाऊन येते. ती म्हणाली, "जाय बापा, मेंबर हायेस तू. पन तुही पात आमी कायले धरू? मुकादमाले सांगून जाय." चुकीचं बोलली नाही, माझी निंदायची ओळ त्यांनी का ओढावी. बैठक दोनला संपली. परत जाऊन कोण कामावर घेतं? तीनशे रुपये गेले. भत्ता दोनशेचा, तो आठ महिन्यांत एकदाच हातात पडला.

तुमचं बांगड्यांचं दुकान त्याच दिवशी केनवडच्या बाजारात लागायचं. बैठकीला आलात की आठवड्याची विक्री गेली. हे मला तेव्हा समजत नव्हतं असं नाही. समजत होतं, पण फार मोठं वाटत नव्हतं.

ग्रामसभेत मी तुम्हाला जे बोलले ते सगळ्या गावाने ऐकलं आहे, ते परत लिहीत नाही. तुम्ही सहा महिने बैठकीला गैरहजर म्हणून जो तक्रार अर्ज गेला त्यावर माझी सही होती, तेही तुम्हाला माहीत आहे. राहिलं सुनावणीचं. तुम्ही तिथे साहेबांसमोर सांगितलंत की रजेचा अर्ज अंजनाजवळ दिला होता. मी नाही म्हणाले. तुमच्या घरी रज्जाकभाईंच्या ऑपरेशनची धावपळ होती. अशा वेळी माणसाची गफलत होते. त्यावर मला काही लिहायचं नाही.

कागद मात्र पाठवा. पोस्टाचा खर्च मी देईन.

अंजना

*

सावळदरी
९ सप्टेंबर २०२५

लतीफाभाभी,

उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरलं नव्हतं. तरी लिहिते, कारण ही गोष्ट तुमच्या गल्लीची आहे आणि ती तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

ऑगस्टच्या बैठकीला मी गेले नाही. आमची संस्कृती यंदा रिसोडला बारावीला आहे, तिच्या क्लासचे पैसे त्याच आठवड्यात भरायचे होते, आणि रोज सोडणं जमण्यासारखं नव्हतं. मनात म्हटलं, एका बैठकीने काय होतं. त्याच बैठकीत नळाची लाइन ठरली. खालच्या वस्तीत, म्हणजे तुमच्या गल्लीपासून आमच्या घरापर्यंत जी लाइन यायची होती, ती पुढच्या वर्षावर टाकली. यंदा पाइप वर शाळेमागे जाणार, नव्या प्लॉटांकडे. तिथे अजून तीनच घरं आहेत. दोन दौलतरावांच्या भावकीतली.

मी पंचायतीत जाऊन रजिस्टर पाहिलं. सातपैकी चार हजर. चारातली ज्योत्स्ना म्हणजे ज्योत्स्नाचा नवरा. सही तिची, बसला तो. खाली लिहिलेलं होतं, "ठराव सर्वानुमते मंजूर." ग्रामसेविका सपना मॅडमना विचारलं, मी नव्हते तर सर्वानुमते कसं? त्या म्हणाल्या, "ताई, जे हजर असतात त्यांचंच मत धरतात. जे आले नाहीत त्यांचं मी कुठून लिहू?" त्यांच्याकडे तीन गावं आहेत. आपल्या गावाला त्या बाजाराच्या दिवशी येतात म्हणून बैठकही त्याच दिवशी. त्यांच्यावर चिडून उपयोग नव्हता.

मग दौलतरावांकडे गेले. ते गोठ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "अंजनाबाई, तुमाले येऊ नका मनून कोनी म्हनलं का? दरवाजा उघडाच व्हता."

"भाऊ, माहा रोज बुडते. तुमच्याच वावरातला."

"मंग? सेवा हाये ते. कमाई करायची असन तं मेंबरकी कायले केली?"

"तुमाले तं महिन्याचं मानधन भेटते."

"सरपंचाले जबाबदारी असते." मग ते हसले. "आन् हे मी नाई म्हनत, तुमीच म्हनल्या व्हत्या. त्या लतीफाले भर ग्रामसभेत काय सांगतलं व्हतं? भत्ता पाह्यजे तं बांगड्या इका, खुर्ची कायले पाह्यजे? मले तं तुमचं बोलनं लय पटलं व्हतं."

लिहायचं नाही म्हटलं होतं, पण लिहून झालं. तेव्हा लोक हसले होते. पहिल्या रांगेतले पुरुष हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुम्ही खाली बसलात आणि पदर सारखा करत राहिलात. दौलतरावांच्या गोठ्यासमोर मला कोणी हसलं नाही, तिथे माणूसच नव्हता दुसरा. तरी मीही पदर सारखा करत उभी राहिले.

एक आणखी. रजेच्या तुमच्या अर्जाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. तो कदाचित माझ्या घरी आलाही असेल आणि इकडेतिकडे झाला असेल. संस्कृतीला सवय आहे, दिसेल तो कागद वह्यांत कोंबते. शोधते.

भत्त्याचा तो कागद पाठवाल तर बरं.

अंजना

*

सावळदरी
१९ ऑक्टोबर २०२५

लतीफाभाभी,

मागच्या पत्रात मी संस्कृतीचं नाव घेतलं ते खोटं होतं. आधी तेवढं दुरुस्त करते.

सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. आम्ही गुत्त्याने घेतली आहे, एकराच्या हिशेबाने. अशा वेळी टोळीतून एक बाई निघून गेली तर बाकीच्यांच्या अंगावर पडतं, म्हणून या महिन्याच्या बैठकीला जाणं शक्यच नव्हतं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. तीन झाल्या. सपना मॅडमनी आपणहून सांगितलं, "ताई, परवानगी न घेता सलग सहा महिने झाले तर तुमचीही जागा रिकामी होते. रजेचा अर्ज देऊन ठेवा." मी लिहून नेला. त्यांनी दुसऱ्या कागदावर शिक्का मारला, सही केली, तारीख घातली आणि तो मला परत दिला. "ही पोच जपून ठेवा. कोणाच्या हाती अर्ज पाठवायचा नाही, स्वतः द्यायचा आणि पोच घ्यायची. तुमच्याआधीच्या बाईंनी ती घेतली नव्हती, म्हणून त्यांचं गेलं."

त्या नव्या आहेत, त्यांना काही माहीत नाही. सरळ मनाने सांगितलं. मी पायरीवर येऊन बसले. टोळीची जीप हॉर्न वाजवत होती तरी उठवलं नाही.

आता जे झालं ते लिहिते. तुम्हाला माहीत आहे, पण मी आजपर्यंत कबूल केलेलं नाही, ना तोंडाने ना कागदावर.

तुम्ही त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास आलात. रज्जाकभाई ऑटोत आडवे होते, खुब्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला न्यायचं होतं. तुम्ही उंबऱ्याच्या आत आला नाहीत. घडी केलेला कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "अंजना, दौलतरावले आजच दे. किती दिवस लागते मालूम नाई. नाईतर माही जागा जाईन." मी म्हटलं, "तुमी जा भाभी, मी हाये ना."

मी त्याच दिवशी तो दौलतरावांकडे नेला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाले, "राहू द्या तुमच्याच जवळ. घाई काय हाये?" आणि मग म्हणाले, "जागा खाली झाली तं तुमीच उभ्या राहा. बाईचीच सीट हाये." त्यांनी एवढंच म्हटलं. धमकी नाही, पैसा नाही. बाकीचं मी ठरवलं.

काहून ठरवलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुम्ही माझं काही वाईट केलं नव्हतं. खालच्या वस्तीत टँकर यायचा तेव्हा ड्रायव्हर तुम्हाला "मेंबरबाई" म्हणून पाण्याची पहिली गुंडी भरू द्यायचा आणि तुम्ही ती म्हाताऱ्या कासमभाईंच्या दारात नेऊन ठेवायच्या. मी रांगेत असायची. मला वाटायचं, हिला सातवीपर्यंत येतं, मी दहावीपर्यंत गेलेली, आणि मला कोणी मेंबरबाई म्हणत नाही. इतकीच गोष्ट आहे. मोठी काही असती तर लिहिणं सोपं गेलं असतं.

कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. सुनावणीच्या दिवशी त्याच चळतीतली वरची साडी काढून नेसले, आणि तिथे जाऊन सांगितलं की मला कोणताही अर्ज दिलेला नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "पोच आहे का?" तुम्ही म्हणालात, "शेजारीन हाये जी, शेजारनीकडून कायची पोच घ्यायची?"

अर्ज अजून तिथेच आहे. फाडायला काढला होता दोनदा. का फाडला नाही तेही माहीत नाही.

माफी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मागितली तर तुम्हाला द्यावी लागेल किंवा नाही म्हणावं लागेल, ते काम तुमच्यावर कशाला टाकू.

अंजना

*

सावळदरी
२ डिसेंबर २०२५

लतीफाभाभी,

पाकीट मिळालं. पत्ता अर्शियाच्या अक्षरात होता. आत भत्त्याच्या कागदाची नक्कल, आणि दुसरं काही नाही. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. ठीक आहे.

तो कागद मी तुळसाबाईला वाचून दाखवला. तुम्हाला काय लिहिलं होतं ते आठवत असेल, तरी माझ्या हाताने एकदा उतरवते:

"मी बांगड्या विकते. बैठकीच्या दिवशी माझं दुकान लागत नाही. मला पंचायतीकडून कमाई नको. जेवढं बुडालं तेवढं द्या. ज्याचं काही बुडत नाही त्याला चहा द्या. नाहीतर बैठक अशा वेळी ठेवा की कोणाचंच बुडणार नाही. यातलं काहीच जमत नसेल तर तसं लिहून द्या, म्हणजे हातावर पोट असलेल्याने उभं राहू नये हे आम्हाला समजेल."

तुळसाबाईने विचारलं, "हे तिनं लिवलं? आन् आपन हासलो व्हतो?" हसलेल्यांत तीही होती. मग खाली वाकून कापूस वेचायला लागली.

मी हा कागद सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत वाचणार आहे. तुमच्या नावाने. सपना मॅडमनी आधीच सांगून ठेवलं आहे की भत्ता शासन ठरवतं, पंचायतीला आपल्या मनाने एक रुपया वाढवता येत नाही. "ठराव करून वर पाठवता येईल," म्हणाल्या. "पण बैठकीचा दिवस आणि वेळ मात्र इथेच ठरते, ताई. ते तर तुमच्याच हातात आहे." एवढी साधी गोष्ट तुम्ही असताना कोणी सांगितली नाही. किंवा कोणी विचारली नाही.

घरातलंही सांगते. मागचं पत्र पोस्टात टाकायला संस्कृतीजवळ दिलं होतं. तिने ते उघडून वाचलं. तिच्यावर रागावायला मला जागाच नव्हती. दोन दिवस ती ताट उचलून ओसरीत जाऊन जेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मंग तू निवडून नाई आली आई. तू नुसती जाऊन बसली." पत्र तिने परत चिकटवून टाकलं होतं. तुम्हाला मिळालं ना?

अंजना

*

सावळदरी
२७ जानेवारी २०२६

लतीफाभाभी,

काल ग्रामसभा झाली. जसं झालं तसं लिहिते, तुम्हाला वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळं ऐकू येईल.

झेंड्यानंतर शाळेच्याच मैदानात सभा बसली. बाया यावेळी जास्त होत्या, तुळसाबाई अख्खी टोळीच घेऊन आली होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, हा कागद माझा नाही, लतीफा शेखचा आहे, त्या मेंबर असताना दिलेला. आणि वाचला. "त्याला चहा द्या" या वाक्यावर दोन-तीन जण हसले, पण तुमच्यावर नाही.

दौलतराव म्हणाले, "म्हंजे पुन्हा भत्ताच."

तेवढ्यात तुळसाबाई उठली. मला वाटलं माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "एक इचारतो. मेंबराले बुडालेला रोज द्या म्हनता. आज मी हरबऱ्याचा रोज सोडून इथं येऊन बसली. मले कोन देते?"

भाभी, याचा विचार मी केला नव्हता. तुमच्या कागदातही नाही. मी म्हटलं, "तुही गोष्ट खरी हाये बाई. तुले देनारं कोनी नाई. मनूनच म्हनतो, पैशाचं वर लिहून पाठवू, ते येईन तवा येईन. पन वेळ तं आपल्या हातात हाये. बैठक बाजाराच्या दिवशी नको आन् अकराले नको."

सपना मॅडम म्हणाल्या, त्यांना बाजाराच्या दुसऱ्या दिवशीही येता येईल. पाचला बैठक ठेवली तरी चालेल, पण साडेसहाची रिसोडची बस चुकली तर त्यांना सोडायला गाडी लागेल, तीही कोणाच्या तरी खिशातूनच जाईल, त्याचाही विचार करा. तेही बरोबर होतं. आणि मग ज्योत्स्ना उभी राहिली. तिला मेंबर होऊन तीन वर्षं झाली, मी तिचा आवाज सभेत पहिल्यांदा ऐकला. "पाच वाजता असन तं मीच येईन," ती म्हणाली. "मालकाले पाठवायचं काम नाई." तिचा नवरा मागे पुरुषांत उभा होता. त्याने मान खाली घातली आणि मोबाईल पाहू लागला.

इथपर्यंत ठीक होतं. मी खाली बसणार होते. पण दौलतराव माईकवर म्हणाले, "वेळेचं काई नसते. ज्याले यायचं तो येते, ज्याले नाई जमत तो अर्ज देते. त्या बाईनं टायमावर रजेचा अर्ज देल्ला असता तं तिची जागा कायले गेली असती?"

अर्ज माझ्या पिशवीत होता. काढायचा की नाही हे सकाळपर्यंत ठरलं नव्हतं, नुसता घेऊन आले होते. मी म्हटलं, "देल्ला व्हता. हा पाहा." आणि तारीख वाचली, तुमची सही दाखवली. कोणाच्या घरात होता हे सांगितलं. सुनावणीत मी खोटं बोलले हे सांगितलं. म्हटलं, "सरपंचभाऊले दाखवला व्हता. ते म्हनले राहू द्या. पन ठेवला मी."

दौलतराव म्हणाले, "सरासर खोटं हाये. मी कोनताच कागद पाह्यला नाई." त्याला पुरावा नाही, भाभी. त्यांचं ते त्यांच्याजवळ. माझं मात्र आता सगळ्यांजवळ आहे. मागून एक जण मला शिवी देऊन बोलला. इंद्रभान दुकानदार म्हणाला, "मंग हिच्यावर केस करा ना." कोणीतरी टाळी वाजवली, ती कशासाठी ते कळलं नाही. संस्कृती मुलींच्या रांगेत होती, तिच्याकडे मी पाहिलं नाही.

हात वर झाले तेव्हा बैठकीच्या वेळेला एकशे बारा आणि विरोधात एकोणीस. ठराव असा लिहिला गेला: बैठक दर महिन्याला बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी पाच वाजता. आणि शासनाला विनंती की रोजमजुरी करणाऱ्या सदस्याला बैठकीच्या दिवशी निदान रोजगार हमीच्या दराइतका भत्ता मिळावा आणि तो वेळेवर मिळावा. वरून काय येतं ते माहीत नाही. कदाचित काहीच नाही. नळाची लाइन अजून वरच जाते आहे, त्यावर पुढच्या बैठकीत बोलणार.

या पत्रासोबत तुमचा मूळ अर्ज आहे, आणि रिसोडला वकिलाकडे जाऊन केलेलं माझं प्रतिज्ञापत्र आहे. त्यात सुनावणीतलं खोटं मी लिहून दिलं आहे. ते घेऊन तुम्ही दाद मागू शकता. वकील म्हणाला, "बाई, यानं तुमच्यावरच येईल." मी म्हटलं, माहीत आहे. माझा राजीनामाही लिहून तयार आहे, दिला नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी देते.

रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. पोच माझ्याकडे येईल.

अंजना

*

कामरगाव, ता. कारंजा
११ फेब्रुवारी २०२६

अंजना,

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिली दोन मी चुलीत टाकणार होते, अर्शियाने काढून ठेवली. तिसरं तिने मला वाचून दाखवलं, अर्ध्यातून मी हातात घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं.

अर्ज पाहिला. माझीच सही आहे. घाईत केलेली, ऑटोच्या सीटवर कागद ठेवून. दीड वर्ष मला गावातले लोक विचारत होते की अर्ज खरंच दिला होता का, आणि शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं की दिला नसेल. रज्जाकला मी रात्रंदिवस तेच विचारायची, तू ऑटोत होतास, तू पाहिलं ना? तो म्हणायचा, पाहिलं. तरी मला खात्री राहिली नव्हती. तू माझी जागा घेतलीस त्यापेक्षा हे जास्त आहे. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

माफ केलं असं लिहीत नाही, कारण केलेलं नाही. पुढे होईल की नाही तेही सांगत नाही.

शाहिद, माझा जावई, कागद घेऊन कारंज्याला वकिलाकडे जाऊन आला. तो म्हणाला दाद मागता येईल, पण निकाल लागेपर्यंत पंचायतीची मुदत संपत येईल. मी नको म्हटलं. इथे बसस्टँडजवळ आमचं दुकान आहे, रोज उघडतं. रज्जाक काठी घेऊन गल्ल्यावर बसतो. परत सावळदरीला येऊन राहायची माझी तबीयत होत नाही. प्रतिज्ञापत्र मात्र मी ठेवून घेतलं आहे. कोणी विचारलं तर दाखवीन.

राजीनामा देऊ नको. तू सुटशील, बाकी कोणी सुटणार नाही. तू गेलीस तर दौलतराव आपला माणूस बसवतील, दोन महिन्यांत बैठक परत अकराला जाईल आणि ज्योत्स्नाचा नवरा परत खुर्चीवर येईल. नळ खालच्या वस्तीत यायचा आहे. कासमभाईंच्या दारापर्यंत तरी येऊ दे. मुदत संपेपर्यंत एकही बैठक चुकवायची नाही. ताप असला तरी जायचं. तुला लोक काय काय बोलतील ते ऐकून घ्यायचं आणि बसायचं. मी ऐकत होते.

तुळसाबाईने जे विचारलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी फक्त मेंबरांचं पाहिलं होतं. तिला सांग, तिचा सवाल माझ्या कागदापेक्षा मोठा आहे. पुढचा ठराव त्यावर करा.

तिकडचं घर आम्ही विकतो आहोत. गिऱ्हाईक मिळालं आहे. त्यासाठी पंचायतीतून घराचा उतारा लागतो, त्यावर सही-शिक्का पाहिजे, म्हणून ईद झाल्यावर मार्चच्या बैठकीच्या दिवशी येते. त्या दिवशी मॅडम आणि सरपंच दोघं एका जागी भेटतील. तुझ्या घरी येणार नाही, चहा ठेवू नको.

पाच वाजता येईन. तू खुर्चीवर बसलेली दिसली पाहिजेस.

लतीफा